इंजेक्शन स्वस्त होतंय, पण ताटाचं कोण बघणार?

मार्च २०२५ मध्ये एली लिली कंपनीचं ‘मौंजारो’ भारतात आलं, तेव्हा सगळ्यात लहान डोसच्या एका कुपीची किंमत होती ३,५०० रुपये. आठवड्याला एक कुपी, म्हणजे महिन्याला १४,०००. जूनमध्ये नोवो नॉर्डिस्कचं ‘वेगोवी’ आलं, त्याचा सुरुवातीचा महिना १७,३४५ रुपयांचा. नोव्हेंबरात तोच १०,८५० वर आला. डिसेंबरात ‘ओझेम्पिक’ आठवड्याला २,२०० रुपयांपासून मिळायला लागलं. आणि मार्च २०२६ मध्ये वेगोवी आणि ओझेम्पिक या दोन्हींतलं मूळ औषध, म्हणजे सेमाग्लुटाइड, त्याचं भारतातलं पेटंट संपलं. देशी कंपन्यांना तेच औषध आपल्या नावाने बनवून विकायची वाट मोकळी झाली. एका वर्षात ‘हॉलिवूडवाल्यांचं इंजेक्शन’ मध्यमवर्गाच्या हिशेबात बसायला लागलं.

त्यामुळे ही बातमी आता बांद्रा आणि कोरेगाव पार्कपुरती राहत नाही. तोंडवलीसारख्या गावाचा विचार करा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माडांची पट्टी, आणि निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी मुंबईला. चतुर्थीला येणारा चाकरमानी मोदकाच्या पिठाबरोबर बर्फाच्या डब्यात औषधाचं पेनही घेऊन येईल, यात नवल काही नाही. औषध तोंडवलीपर्यंत पोचतं. पण ते घेताना काय जेवायचं, किती जेवायचं, उलटी झाली तर काय करायचं, हे सांगणारा माणूस पोचतो का? माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला खरा मुद्दा हाच आहे, आणि त्यावर रील्स जवळपास नाहीत.

आधी औषध करतं काय ते थोडक्यात. जेवल्यावर आपल्या आतड्यात जीएलपी-१ नावाचं संप्रेरक तयार होतं. ते मेंदूला ‘पुरे’ असा निरोप देतं, जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतं आणि साखर वाढली असेल तर इन्सुलिन सोडायला लावतं. सेमाग्लुटाइड त्या संप्रेरकाची नक्कल करतं. मौंजारोतलं टिर्झेपाटाइड आणखी एका संप्रेरकाचंही काम करतं. परिणाम जोरदार आहे, त्यात शंका नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ चाचणीत १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के घटलं, नुसतंच खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के.

आता यातली एक ओळ बातम्यांमध्ये हमखास गळते. त्या चाचणीत दोन्ही गटांतल्या प्रत्येकाला दर चार आठवड्यांनी आहार-व्यायामाचं वैयक्तिक समुपदेशन होतं. रोज ५०० कॅलरी कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, असं ठरवून दिलेलं होतं आणि त्याची नोंद ठेवली जात होती. म्हणजे जो १४.९ टक्क्यांचा आकडा आपण मिरवतो, तो इंजेक्शन अधिक समुपदेशन अशा जोडीचा आहे. आपल्या बाजारात त्यातलं फक्त इंजेक्शन विकायला आलंय.

स्नायूंची गोष्ट

वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. वेगवेगळ्या चाचण्यांत घटलेल्या वजनापैकी साधारण चौथा हिस्सा ते ४० टक्के भाग चरबी सोडून बाकीचा होता, आणि त्यात स्नायू येतात. भूकच लागत नाही म्हटल्यावर माणूस चार घास कमी खातो, आणि त्या चार घासांबरोबर प्रथिनंही जातात.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार आहे, आणि त्याचं कारण पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली घडण. म्हणून तर आपल्याकडे स्थूलतेची रेषा बीएमआय २५ वर ओढतात, ३० वर नाही. ज्याच्या गाठीला मुळात स्नायू कमी, त्याने त्यातलेही गमावले तर पन्नाशीत जिना चढताना ते कळतं.

मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या चार संघटनांनी मिळून (त्यात अमेरिकन सोसायटी फॉर न्यूट्रिशन आणि द ओबेसिटी सोसायटी होत्या) या औषधांवरच्या रुग्णांच्या आहाराबद्दल सल्ला काढला. वजन घटत असताना किलोमागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं, असा त्यांचा अंदाज. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची निरोगी माणसासाठीची शिफारस ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे खाणं कमी झालेलं असताना प्रथिनं दीडपट करायची! हे गणित घरच्या घरी जमणारं नाही. त्यात मूत्रपिंडाचा आजार असेल तर हाच सल्ला उलटा पडू शकतो.

मालवणी ताट वाचता येणारं कोणीतरी

गूगलवर शोधलं तर आहाराचे तक्ते ढिगाने मिळतात. ग्रीक योगर्ट, किन्वा, ग्रिल्ड चिकन ब्रेस्ट, व्हे प्रोटीन. आचऱ्याच्या बाजारात किन्वा मागून बघा, दुकानदार काय म्हणेल ते सांगायला नको.

वास्तविक इथल्या ताटात चांगलं खूप आहे. १०० ग्रॅम बांगड्यात प्रथिनं १८-२० ग्रॅम. तारली त्याच्या आसपास, आणि वर चांगली चरबी. पण ताटात आधी भाताचा डोंगर, मग त्यावर कढी, आणि बाजूला माशाची एक तुकडी, अशी आपली रीत. इंजेक्शनवरचा माणूस सहा घासांत थांबतो. ते सहाही घास भाताचे झाले, तर बांगडा तसाच राहतो. आहारतज्ज्ञ इथे काय सांगेल? आधी मासा खा, भात मागाहून. बांगडा तळण्याऐवजी तिखल्यात किंवा भाजून घे, कारण जठर हळू रिकामं होतंय, तेलकट पदार्थ तिथेच बसून राहतो आणि मळमळ वाढते. वाटणातलं खोबरं थोडं कमी. सोलकढी चालेल, पण जेवणाआधी भला मोठा ग्लास रिचवू नको, पोट तिथेच भरेल. साधी वाक्यं आहेत. पण ती सांगायला मालवणी ताट माहीत असावं लागतं आणि औषधही.

कुळथाच्या पिठीचं कौतुक आपण फार करतो. कुळथात प्रथिनं आहेतच, १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम. पण एका वाटी पिठीत पीठ जातं दोन-तीन चमचे, म्हणजे हातात पडतात पाचेक ग्रॅम. पिठी-भाताने पोट शांत होईल, स्नायू सांभाळले जाणार नाहीत. त्यापेक्षा काळ्या वाटाण्याचं सांबार घट्ट करून वाटीभर खाल्लेलं बरं, मोड आलेले मूग बरे, दोन अंडी बरी.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच ॲपच्या फॉर्ममध्ये नसते. घरात शेवटी कोण जेवतं? पुरुष जेवले, पोरं जेवली, पाहुणे जेवले, आणि मग आई बसते तेव्हा टोपात रस उरलेला असतो आणि तुकड्या संपलेल्या असतात. त्या आईला हे इंजेक्शन सुरू झालं तर काय होईल याची कल्पना करा. ‘माका भूक नाय’ हे वाक्य ती आधीपासूनच म्हणत आलीये. आता ते खरं झालेलं असेल, आणि घरात कोणाच्या लक्षातही येणार नाही. चांगली आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारते. डॉक्टरला त्यासाठी वेळ नसतो, हा डॉक्टरांवरचा आरोप नाही. ओपीडीची रांग ज्याने पाहिलीये त्याला कळेल.

मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. बहुतेक वेळा डोस वाढवल्यावर काही दिवस राहतात आणि कमी होतात. पण त्यात पाणी पिणं कमी झालं आणि वैशाखातलं कोकणचं ऊन असलं तर माणूस कोरडा पडतो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण निम्म्यावर आलं, तर साखर खाली घसरू शकते. गोळीचा डोस बदलणं डॉक्टरचं काम. पण ‘हा माणूस कालपासून फक्त पेजेवर आहे’ हे डॉक्टरपर्यंत पोचवणारं कोणीतरी हवं ना?

इंजेक्शन नको म्हणून सेमाग्लुटाइडची गोळी घेणारेही आहेत. मधुमेहासाठी ती आपल्याकडे २०२२ पासून मिळते. ती रिकाम्या पोटी, अर्ध्या कप साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. चहाबरोबर घेतली तर औषध अंगाला लागतच नाही. सकाळी उठल्या उठल्या चहा लागणाऱ्या घरात हा नियम कसा बसवायचा, हाही आहारतज्ज्ञाचाच विषय.

आपल्या वयाचा प्रश्न

हे सगळं चाळिशीपलीकडच्यांचं, असं वाटत असेल तर थांबा. पीसीओडी असलेल्या कितीतरी मुलींना ‘वजन कमी कर’ हे एकच वाक्य वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. लग्न ठरलं की ते वाक्य आणखी मोठ्याने. अशा मुलीला तीन महिन्यांत दहा किलोचं आश्वासन मिळालं तर ती नाही का म्हणेल? पण गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर विसंबू नये, असं औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. लग्नाआधी बारीक व्हायला म्हणून हे घेणाऱ्या मुलीला या दोन गोष्टी कोणी सांगितलेल्या असतात?

ज्यांचं वजन मुळात फार नाही, पण रील बघून ‘थोडंसं’ कमी करायचंय, त्यांच्यासाठी हे औषध नाहीच. वजनासाठी ते साधारण बीएमआय ३०च्या वर, किंवा २७च्या वर आणि सोबत मधुमेह-रक्तदाबासारखा आजार असेल तर, असं मंजूर आहे. समोरच्याला स्थूलता आहे की स्वतःच्या शरीराचा राग आहे, हे ओळखणं हेसुद्धा आहारतज्ज्ञाच्या कामात येतं. गंमत म्हणजे आपल्याकडे १९५४ पासून एक कायदा आहे, ज्यात ठरावीक आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे आणि त्या यादीत स्थूलता आहे. कायदा आहे सत्तर वर्षांपूर्वीचा, फीड आहे आजचा. फीडमध्ये कोणी जाहिरात म्हणत नाही, ‘माय जर्नी’ म्हणतात.

आहारतज्ज्ञ म्हणजे नक्की कोण?

महाराष्ट्राला आहाराच्या वादाची हौस आहे. काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ यावरून घराघरांत दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवा, ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं दर दोन तासांनी. त्या वादाने एक चांगलं केलं, जेवण हा बोलायचा विषय झाला. तोटा असा झाला की आहारसल्ला म्हणजे सगळ्यांना लागू पडणारं एक सूत्र, असा समज पक्का झाला. इंजेक्शनवरच्या माणसाला कुठलंच एक सूत्र चालत नाही. दोनदा जेवायचं ठरवलं तर एका बैठकीत तेवढं मावत नाही. दर दोन तासांनी खायचं तर इच्छा नाही. त्याच्या डोसप्रमाणे, त्याच्या मळमळीप्रमाणे ताट दर महिन्याला बदलावं लागतं.

शिवाय ‘डाएटिशियन’ ही पाटी लावायला आजवर फारशी अडचण नव्हती. एसएनडीटी किंवा निर्मला निकेतनसारख्या ठिकाणी रीतसर शिकून, रुग्णालयात इंटर्नशिप करून, इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन आलेली मुलगी आणि सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेला जिमवाला, दोघांची पाटी सारखीच. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि आहारतज्ज्ञांना त्यात आणलं. नोंदणी, अभ्यासक्रम, राज्य परिषदा हे सगळं त्या कायद्यात आहे. डॉक्टरला नोंदणी क्रमांक विचारायची सवय आपल्याला निदान ऐकून तरी आहे. आहारतज्ज्ञाला आपण अजून फक्त ‘किती किलो कमी करून देणार?’ एवढंच विचारतो.

ओरोसच्या अलीकडे कोणी नाही

आता तोंडवलीतून निघा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पदांमध्ये डॉक्टर असतो, परिचारिका असते, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो. आहारतज्ज्ञाचं पद नसतं. ते पद असतं ते जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्यासाठी ओरोसला. तिथेही आहारतज्ज्ञ म्हटलं की वॉर्डातल्या रुग्णांचं जेवण आणि कुपोषित मुलं हेच डोळ्यांसमोर येतं. आपल्या व्यवस्थेची बांधणीच तशी आहे, पोषण म्हणजे कमी मिळणं. त्यात चूक काही नाही, तो प्रश्न संपलेला नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायका आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा स्थूल निघाले. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक होतं गोव्यात, २६.४ टक्के. गोवा म्हणजे आपल्या शेजारचं घर. जेवण तेच, मासे तेच, आणि मोठं दुखणं आलं की आपण जातो ते बांबोळीलाच.

सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट आशाताईंच्या फॉर्ममध्ये आहे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी त्या एक तपासणी फॉर्म भरतात. त्यात कमरेचा घेर असतो, बायकांना ८० सेंटिमीटरपुढे आणि पुरुषांना ९०पुढे गुण. म्हणजे टेप लावून मोजमाप दारापर्यंत आलंय. रक्तदाब आणि साखरेची पुढची तपासणी होते, गोळ्या मिळतात. घेर जास्त निघाला, तर पुढे ‘कमी खा, चाला’. संपलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञाशी बोलायला त्यातून पैसे निघत नाहीत.

परदेशात सगळं आलबेल आहे असंही नाही. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअरमध्ये आहारतज्ज्ञाचे पैसे मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारासाठी मिळतात, नुसत्या स्थूलतेसाठी नाहीत. ब्रिटनने मार्च २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड मंजूर करताना ते वजनाच्या विशेष सेवेतच, आहार आणि व्यायामाच्या साथीने द्यायचं, अशी अट घातली. आणि १ डिसेंबर २०२५ ला जागतिक आरोग्य संघटनेने या औषधांवर पहिली मार्गदर्शक सूचना काढली, त्यातही औषधासोबत आहार-व्यायामाचं सघन समुपदेशन जोडलेलं आहे. कागदावर सगळ्यांचं एकमत आहे. गाडी अडते ती पैसे कोण देणार इथे.

मला विचाराल तर प्रत्येक गावात आहारतज्ज्ञ हवा, असं म्हणणं म्हणजे उगाच बोलणं. पण ग्रामीण रुग्णालयांच्या असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकसाठी समुपदेशकाचं पद योजनेत आहे. ई-संजीवनीवरून डॉक्टर फोनवर येतो. मग ओरोसच्या किंवा मुंबईच्या आहारतज्ज्ञाने महिन्यातून एकदा त्याच स्क्रीनवर यायला काय हरकत आहे? समोर रुग्ण, शेजारी समुपदेशक, आणि हातात त्या आठवड्यात काय खाल्लं याची वही. औषधाच्या महिन्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. देशी इंजेक्शनं विकणाऱ्या कंपन्यांनी स्वतःचे ‘डाएट कोच’ दिले तर ते मात्र मला पटणार नाही. औषध थांबवायची वेळ आली हे सांगायला त्या कोचची जीभ कशी वळेल?

आणि थांबवायची वेळ बहुतेकांवर येतेच. पैसे संपतात, त्रास होतो, कंटाळा येतो. स्टेप-१ मधल्या काही जणांचं औषध थांबवून वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर कमी झालेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आला होता. भूक परत येते, आणि ती आधीच्याच ताटाकडे येते. औषध चालू असताना, भूक शांत असताना, ताट बदलायची जी वर्षभराची संधी मिळते, ती वापरली गेली नाही तर ते सगळे पैसे पाण्यात. वजन परत चढतं तेव्हा चरबी आधी येते, गेलेले स्नायू त्या वेगाने येत नाहीत.

एक हिशेब करून बघा. सेमाग्लुटाइडचा डोस दर चार आठवड्यांनी वाढवतात. पाव मिलिग्रॅम, मग अर्धा, मग एक, मग १.७, आणि सोळा आठवड्यांनंतर २.४ चा पूर्ण डोस. समजा कोणी एप्रिलच्या मध्यावर सुरुवात केली, सुट्टीत मुंबईहून आणलेल्या पहिल्या पेनवर. दुसरा डोस वाढतो जूनच्या सुरुवातीला, आणि १ जूनला मासेमारी बंद होते. दोन महिने ताजा मासा जवळपास नाही, ताटात येतं ते सुकट आणि सुके बांगडे, मिठाने भरलेले. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही जपूनच. ऑगस्टच्या सुरुवातीला पूर्ण डोस चालू होतो, भूक सगळ्यात कमी असते, आणि तेव्हा असतो श्रावण. मासे नाहीत, अंडी नाहीत, सोमवारचा उपास, साबुदाण्याची खिचडी. श्रावण संपला की चतुर्थी. त्या साडेतीन महिन्यांत प्रथिनं कुठून आणायची, याचं उत्तर मूग, वाटाणे, चवळी, दूध, दही आणि ताक यांतूनच काढावं लागेल, आणि ते मे महिन्यातच कोणीतरी त्या माणसाबरोबर बसून लिहून काढलेलं असावं लागेल.